२ बीएचकेचं फर्निचर: तीन कोटेशनं, तीन आकडे, डोकं आऊट

रावेतचा_नवखा
नमस्कार मंडळी. अडीच वर्षं हप्ता आणि भाडं दोन्ही भरून शेवटी गेल्या महिन्यात ताबा मिळाला. रावेतला २ बीएचके, कारपेट ६८० स्क्वेअर फूट. वाटलं होतं की घर घेणं हेच काय ते अवघड, पण फर्निचर त्याच्यावर ताण निघालं. काम म्हणाल तर किचन ट्रॉल्या, दोन वॉर्डरोब, टीव्ही युनिट, चपलांचं कपाट, देवघर आणि आईला माळे हवेत. तीन ठिकाणी विचारलं.

एक ऑनलाइनवाली मोठी कंपनी, ११ लाख ८० हजार, ४५ दिवसांत किल्ली हातात म्हणतात. थ्रीडी चित्रं एवढी भारी की बायको म्हणाली हे आपलंच घर आहे ना नक्की.
दुसरी एक स्वतंत्र डिझायनर, साधारण साडेआठ आणि तिची फी वेगळी.
तिसरा सासऱ्यांच्या ओळखीतला सुतार. ११०० रुपये स्क्वेअर फूट, सगळं मिळून साडेपाच. "साहेब ७१० प्लाय लावतो, डोळे झाकून करा."

एकाच घराच्या तीन आकड्यांत सहा लाखांचा फरक कसा काय?? कोण लुटतंय आणि कोण खरं बोलतंय ते कळेना. अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

फेविकॉल_काका
अभिनंदन घराबद्दल! डोळे झाकून काहीही करू नका, सुताराच्या बाबतीत तर नाहीच, आणि हे मी सुतारांचा माणूस म्हणून सांगतोय. भवानी पेठेत टिंबर मार्केटला आमच्या वडिलांचं प्लायचं दुकान होतं, माझं कॉलेज तिथल्या गल्ल्यावर बसूनच झालं.

स्क्वेअर फूट म्हणजे समोरून दिसतं तेवढंच मोजतात, रुंदी गुणिले उंची, आतली खोली धरत नाहीत. तुमचा वॉर्डरोब ७ बाय ७ धरा, झाले ४९ फूट. ११०० नं ५३,९०० रुपये. आता बसा कागद घेऊन आणि शीटा मोजा. शीट ८ बाय ४ ची, ३२ फूट. कपाट दोन फूट खोल, म्हणजे एका शीटमधून दोन उभे निघतात. दोन बाजू आणि मधले दोन पार्टिशन असे चार उभे, म्हणजे २ शीट. वरचा खालचा मिळून १. कप्पे १. शटर म्हणजे दारं २. झाल्या ६ शीट १८ मिमीच्या. पाठीला ६ मिमीच्या २.

मी गेल्या वर्षी बहिणीच्या घरासाठी घेतलं तेव्हाचे भाव सांगतो. १८ मिमी ७१० ग्रेड १२० रुपये फूट, म्हणजे १९२ फुटांचे २३,०४०. सहा मिमी ५५ नं ३,५२०. बाहेरचं लॅमिनेट दोन शीट ३,२००. आतला लायनर, म्हणजे आतून चिकटवायचं पातळ लॅमिनेट, नऊ शीट लागतो, लोकांना हे खरं वाटत नाही पण प्रत्येक फळीला दोन बाजू असतात हो, ७,६५०. बिजागऱ्या, चॅनल, हँडल, कुलपं साडेसहा हजार. फेविकॉल, खिळे, कडेला लावायची एज बँड पट्टी साडेतीन हजार. मजुरी १८ हजार. बेरीज ६५,४१०. फुटाला १,३३५ पडले आणि यात सुताराचा नफा शून्य आहे.

आता तो ११०० मध्ये ७१० कसा लावणार सांगा. एमआर प्लाय ८० रुपयांनी धरली तरी ५७,७३० होतात, तरीही त्याच्या रेटच्या वरच. म्हणजे लायनर पण उडणार आणि आत रंग मारून देणार. तो वाईट माणूस आहे असं नाही. काम हातचं जाऊ नये म्हणून रेट कमी बोलला आणि आता कुठेतरी भरून काढणार.

रावेतचा_नवखा
काका 🙏🙏 हे प्रिंट काढून खिशात ठेवतो. पण ७१०, एमआर हे नक्की काय? मला वाटलं कंपनीचं नाव आहे.

फेविकॉल_काका
७१० म्हणजे आयएस ७१०, मरीन प्लायचं भारतीय मानक. आयएस ३०३ म्हणजे साधी प्लाय, त्यात एमआर म्हणजे ओल सहन करणारी, पाणी नाही. दुकानदार "वॉटरप्रूफ" म्हणतात त्याला अर्थ नाही. शीटच्या तोंडावर आयएसआयचा शिक्का, खाली मानकाचा नंबर आणि सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो, तो बीआयएस केअर नावाच्या ॲपमध्ये टाकला की कारखान्याचं नाव येतं. शीट कापायच्या आधी बघा. एकदा कापून लॅमिनेट चिकटलं की शिक्का आत गेला, मग देवालाच माहीत.

रत्नांग्री_हापूस
काकांच्या हिशेबाला दंडवत, पण सगळीकडे ७१० कशाला ओ? बेडरूममधल्या कपाटाला मरीन प्लाय म्हणजे मुंबईत फिरायला होडी घेण्यासारखं आहे. सिंकच्या खालचा भाग, बाथरूमच्या भिंतीला चिकटून असलेलं कपाट आणि बाहेरच्या पावसाच्या भिंतीला टेकणारं काही असेल तर तेवढं ७१०, बाकी चांगल्या कंपनीची ३०३ पुरते. मी कोकणात राहून सांगतोय, जिथे जुलैत चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते.

आमच्याकडे भाड्याच्या घरात घरमालकानं सिंकखाली पार्टिकल बोर्डाचं, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीचं, युनिट लावलेलं. पाइपला थेंब थेंब गळती, ती पण कुणाच्या लक्षात आली नाही. एका पावसाळ्यात खालची कड फुगून अनारशासारखी झाली, बोट लावलं की भुसा.

उकळलेला_प्लाय
मी एक प्रयोग केला होता, हसू नका. दुकानदारानं ७१० म्हणून दिलेल्या प्लायचा आणि एमआरचा एकेक तुकडा आणून जुन्या पातेल्यात उकळत ठेवला. मानकात ७२ तास उकळायचं लिहिलंय, तेवढा गॅस जाळायची आपली ऐपत नाही, मी चार तास उकळला. एमआरचे पापुद्रे सुटले, दुसरा तसाच राहिला. घरभर ओल्या लाकडाचा आणि कसल्यातरी केमिकलचा वास दोन दिवस. बायकोनं ते पातेलं गॅलरीत झाडाला ठेवलंय, आता त्यात कढीपत्ता आहे.

इंटिरियरवाली_ताई
मी याच धंद्यात आहे, बारा वर्षं झाली, म्हणून बोलते. इथे नेहमीप्रमाणे चर्चा प्लायच्या भावावर गेली, सुतार विरुद्ध कंपनी सुरू झालं आणि डिझायनर म्हणजे चित्रं काढून पैसे घेणारी बाई असं ठरलं 😀

आधी एक खरी गोष्ट सांगते. आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते, १९७२ चा कायदा आहे तसा. इंटिरियर डिझायनर म्हणवून घ्यायला काहीही लागत नाही. आयआयआयडी ही आमची संस्था आहे, तीही १९७२ चीच गंमत म्हणजे, पण तिथलं सभासदत्व ऐच्छिक. त्यामुळे सहा महिन्यांचा सॉफ्टवेअरचा कोर्स केलेला पण डिझायनर आणि मी पण डिझायनर. तुम्ही ओळखणार कसं? तर थ्रीडी बघू नका, आजकाल ते कुणीही करून देतं. वर्किंग ड्रॉइंग मागा. प्रत्येक भिंतीचं मापासकट. आणि इलेक्ट्रिकचं लेआउट.

माझा अर्धा वेळ त्या पॉइंटांतच जातो. परवा एका घरी बघितलं, फ्रिजचा प्लग बरोब्बर फ्रिजच्या मागे, बंद करायचा तर फ्रिज ओढायचा. पलंगाला एकीकडेच चार्जिंग, त्यामुळे रोज नवरा-बायकोत कोणाचा फोन यावरून. मिक्सरचा पॉइंट सिंकच्या डोक्यावर. हे सुतार सांगत नाही कारण ते त्याचं काम नाही, आणि कंपनीचा सेल्सवाला सांगत नाही कारण त्याला टार्गेट आहे.

फीबद्दल, कुणी टक्क्यात घेतं कुणी फुटावर, कुणी ठोक. विचारायची लाज वाटते ती गोष्ट विचारा: दुकानदाराकडून कमिशन घेता का? घेत असेल तर फी कमी असली पाहिजे. दोन्हीकडून पूर्ण घेणारे आहेत, मी नाकारत नाही.

नागपूरचा_संत्रा
ताई बरोबर बोलून राहिल्या. माझा किस्सा ऐका, कंपनीचं नाव घेत नाही. त्यांचाही ४५ दिवसांचा वादा होता. सहीच्या वेळी दहा टक्के, डिझाइन फायनल झाल्यावर पन्नास टक्के, आणि मालाचा ट्रक निघायच्या आधी उरलेले सगळे. म्हणजे एक फळी घरात यायच्या आत माझे शंभर टक्के पैसे गेले. मग पाच महिने. एकदा डाव्या हाताची शटर आली, एकदा रंग वेगळा, ज्या पोरानं डिझाइन केलं तो नोकरी सोडून गेला, नवीन पोरगी म्हणते सर मला ब्रीफ करा. अरे बाप्पा, किती वेळा ब्रीफ करू!

माल वाईट नव्हता हे पण सांगतो. मशीनवर कापलेलं, कडा सफाईदार, सुताराला तशी फिनिशिंग जमत नाही. पण पैसे टप्प्याटप्प्यानं द्या आणि शेवटचे दहा टक्के काम झाल्यावरच असं लिहून घ्या. ऐकत नसतील तर नमस्कार करा.

जर्सीतली_जाऊबाई
तुमचं वाचून इथलं आठवलं. आमच्याकडे न्यू जर्सीत बेड बाथ अँड बियाँड म्हणजे नवीन देसी कुटुंबाचं घरसामानाचं पहिलं दुकान, हेड ऑफिसच इथे युनियन नावाच्या गावात होतं. ते निळं २० टक्क्यांचं कूपन पोस्टात आलं की मी मॅग्नेटखाली फ्रिजवर लावायचे, तारीख उलटली तरी चालायचं. २०२३ च्या एप्रिलमध्ये दिवाळखोरी आणि तीन दिवसांनी कूपन बंद. माझ्याकडे अकरा शिल्लक होती!! आणि ब्रिटनमधली मेड डॉट कॉम २०२२ ला बुडाली तेव्हा कितीतरी जणांनी पैसे भरलेले सोफे आलेच नाहीत, माझी लेस्टरची नणंद सांगते. कंपनी मोठी आहे म्हणून ॲडव्हान्स सुरक्षित असं समजू नका.

बाजारबुणगा
बातम्या निघाल्याच आहेत तर आपल्याकडच्या घ्या. अर्बन लॅडर आठवतं का, एकेकाळी सोफा म्हणजे तेच. २०२० मध्ये रिलायन्स रिटेलनं ९६ टक्के हिस्सा घेतला, किती? १८२ कोटी. होमलेन आणि डिझाइन कॅफे या इंटिरियर करून देणाऱ्या कंपन्या २०२४ मध्ये एकत्र आल्या. म्हणजे हा धंदा दिसतो तेवढा सोपा नाही, ज्यांच्या जाहिराती आपण रोज बघतो त्यांनाही परवडत नाहीये बऱ्याचदा. रंगात उलटं, बिर्ला ओपस २०२४ ला उतरलं तेव्हापासून डीलर लोक स्कीमांची खैरात करतायत, भाव करा, जो पहिला रेट सांगतील तो घेऊ नका.

कामाची बातमी म्हणजे प्लाय, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड यांना आयएसआय सक्तीचा आदेश २०२५ पासून लागू झालाय, छोट्या कारखान्यांना थोडी जास्त मुदत होती. त्यामुळे बिनशिक्क्याचा स्वस्त माल आता कुणी देत असेल तर तो जुना स्टॉक तरी आहे नाहीतर काहीतरी झोल. आणि वेत-बांबूच्या फर्निचरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ वर आलाय. गॅलरीसाठी खुर्च्या घ्यायच्या असतील तर बिलावर बघा ५ लावलाय का, आमच्याकडच्या दुकानदारानं अजून जुनाच लावला होता, दाखवल्यावर "सिस्टिम अपडेट नाही" म्हणे.

तुळशीबाग_क्वीन
तुमचे लाखालाखाचे आकडे वाचून मला चक्कर आली, जरा स्वस्तातलं बोलू. सजावटीला फर्निचरएवढे पैसे लागत नाहीत. पडद्यांचं रेडिमेड कोटेशन मला २६ हजार आलं होतं. मी आईच्या आणि सासूबाईंच्या जुन्या कॉटनच्या साड्या काढल्या. साडेपाच मीटरची साडी, म्हणजे अठरा फूट. मधून कापली की नऊ नऊ फूट, वर पाइपसाठी आणि खाली हेमला मिळून फूटभर गेलं तरी आठ फुटी दोन पडदे होतात. काठ आपोआप उभा येतो, तोच डिझाइन. आतून साध्या मांजरपाटाचं अस्तर, नाहीतर वर्षात उन्हानं विरतात. चार खिडक्या आणि एक बाल्कनीचं दार सगळं मिळून शिलाईसकट ६ हजारांत. सासूबाईंच्या डोहाळजेवणाची हिरवी इरकल बेडरूमला लावलीय, त्या आल्या की आधी पडदाच चाचपतात.

उशांचे अभ्रे खणाचे शिवा, खण रविवार पेठेत मिळतो. सोलापुरी चादर दिवाणावर टाका, लोक विचारतात कुठल्या ब्रँडची.

रत्नांग्री_हापूस
सावंतवाडीला कधी गेलात तर चितारआळीत लाखकामाचे पाट आणि चौरंग बघा. एक चौरंग कोपऱ्यात ठेवला तर दुसऱ्या शोपीसची गरज नाही. भाव करायला जाऊ नका फार, एकेका नगाला हात किती लागतो ते दुकानात बसून बघा आधी.

भाडेकरू_जन्माचा
आम्ही तीन वर्षांनी घर बदलणारे, आमचं काय? तुर्भ्याचं इकिया २०२० ला उघडलं तेव्हापासून आमचं अर्धं घर तिथलंच. पुठ्ठ्याच्या खोक्यात येतं, खोक्यात जातं. लॅक टेबल ज्यांनी घेतलंय त्यांनी लक्षात ठेवा, त्याचा वरचा फळा भरीव नसतो, आत कागदाचं मधमाशांच्या पोळ्यासारखं भरण असतं. म्हणून हलकं आणि म्हणून स्वस्त. वर टीव्ही ठेवा, पण त्याला शेवयाचा सोऱ्या क्लॅम्प करून बसवू नका, आम्ही बसवला, दाबून खड्डा पडला. चूक आमचीच.

इंटिरियरवाली_ताई
@रावेतचा_नवखा, कंपनीच्या कोटेशनचं शेवटचं पान टाका ना, नाव झाकून. आणि टीव्हीमागची भिंत किती रुंद आहे?

रावेतचा_नवखा
ताई टाकलंय वर. वॉर्डरोब २१०० रुपये फूट, वर १८ टक्के जीएसटी. टीव्हीची भिंत ११ फूट, सगळी पॅनलिंग.

फेविकॉल_काका
बघितलं. एक म्हणजे ४९ फुटांचे १,०२,९०० आणि जीएसटी धरून १,२१,४२२. मशीन फिनिश, वॉरंटी, त्यांचं ऑफिस, त्यांच्या जाहिराती, सगळं त्यात. घ्यायचं तर घ्या, लूट म्हणणार नाही. पण दुसरं बघा, टीव्हीमागची नुसती पॅनलिंग, जाडी जेमतेम दोन इंच, ना कप्पा ना दार, तिलाही कपाटाचाच रेट लावलाय! ११ बाय ९ म्हणजे ९९ फूट. दोन लाखांच्या वर गेलं नुसत्या भिंतीला फळ्या चिकटवायचे. सुतार लोक पण हेच करतात. पॅनलिंगचा रेट वेगळा, बॉक्सचा म्हणजे कपाटाचा वेगळा, माळ्याचा वेगळा, हे आधी फोडून घ्या.

इंटिरियरवाली_ताई
आणि माझा प्रश्न पैशांचा नव्हताच. त्या चित्रात तुमच्या हॉलला एकच मोकळी भिंत आहे आणि तिच्यावर टीव्ही आणि पॅनलिंग. तुमच्याकडे गणपती बसतो का?

रावेतचा_नवखा
अरे देवा. दीड दिवसाचा. आणि गौरी.

तुळशीबाग_क्वीन
😂😂 गौरी आता टीव्हीच्या आत बसवा, लाइव्ह दर्शन.

नागपूरचा_संत्रा
त्या कंपनीवाल्याला विचारा गौरी कुठे बसवू, तो म्हणेल सर कोणत्या मॅमबद्दल बोलताय.

रावेतचा_नवखा
अपडेट, साडेचार महिन्यांनी. धागा वर काढतोय कारण खूप जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं काय झालं.

सुताराकडे काकांचा कागद घेऊन गेलो. मला वाटलं चिडेल. त्यानं चष्मा लावून सगळं वाचलं, लायनरच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाला हे कोणी काढलं, दुकानवाला दिसतोय. मग म्हणाला साहेब, मी तुमच्या सासऱ्यांना किचनला ७१० म्हटलो होतो, ते सगळीकडे समजले. खरं खोटं विठ्ठलाला ठाऊक. शेवटी असं ठरलं की माल माझा, मजुरी त्याची. सिंकखाली आणि बाथरूमच्या भिंतीचं कपाट ७१०, बाकी ३०३. प्लाय मी स्वतः टिंबर मार्केटातून आणली, टेम्पोतून उतरताना एकेका शीटचा शिक्का बघितला. ३८ शीट. वॉचमन बघत होता की हा काय करतोय.

डिझायनर बाईंना फक्त ड्रॉइंगचे ठोक ४० हजार दिले. त्यांनी टीव्ही आडव्या भिंतीवर नेला, पॅनलिंग काढून टाकली, मोठी भिंत मोकळी ठेवली आणि खाली गणपतीच्या लायटिंगसाठी दोन पॉइंट जमिनीपासून फूटभरावर दिले. ते दोन पॉइंट बघून आईनं त्यांना जेवायलाच बोलावलं. एकूण खर्च ७ लाख १५ हजार, पडदे साड्यांचेच. कंपनी ४५ दिवस म्हणत होती, इथे ९० लागले, मधे सुतार भाच्याच्या लग्नाला गावी गेला तो अठरा दिवस आलाच नाही, फोन स्विच ऑफ. त्याला इलाज नाही. एक ट्रॉली अजून किंचित घासते, येतो येतो म्हणतोय.

फेविकॉल_काका
छान. फोटो टाका. ट्रॉलीचं चॅनल बघा, एका बाजूचा स्क्रू वर आला असेल, सुताराची वाट बघू नका, चार वेळा पेचकस फिरवला की झालं.

तुळशीबाग_क्वीन
फोटोओओओ!

रावेतचा_नवखा
फोटो टाकतो पण चांगले येणार नाहीत. सगळ्या शटरवर अजून लॅमिनेटचं प्लास्टिक आहे. काल काढायला घेतलं तर आई म्हणाली थांब, गणपतीपर्यंत राहू दे.